वऱ्हाडच्या हवेचा आकडा

एप्रिल उजाडला की अकोल्याचे तापमान साऱ्या महाराष्ट्राच्या बोलण्यात येते. पारा ४५ अंशांच्या वर गेला, की ते सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर असते आणि दुपारपर्यंत बसस्टँडपासून कोर्टापर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालेले असते. त्या एका आकड्यावर शाळा सकाळची होते, बांधकामावरची दुपारची सुट्टी लांबते, भाजीबाजार लवकर उठतो. त्याच अकोल्यात आणि शेजारच्या अमरावतीत हवेतल्या धुळीचाही आकडा वर्षानुवर्षे मोजला जात आहे. तो मात्र कुणाच्या तोंडी नाही. कालची धूळ किती होती, मर्यादा किती, ती ओलांडली गेली का, हे विचारले तर डॉक्टर, शिक्षक, नगरसेवक यांपैकी कुणालाच पटकन सांगता येत नाही. दोन्ही आकडे सरकारी यंत्रणेनेच मोजलेले. मग एक घराघरांत पोचला आणि दुसरा कागदांत राहिला, असे का व्हावे? यंत्रे कमी होती, पैसा नव्हता, लोकांना पर्वा नव्हती, ही नेहमीची उत्तरे मला अपुरी वाटतात. हवेची मोजणी सुरू झाली तीच मुळी वेगळ्या वाचकासाठी. तो वाचक कार्यालयात बसलेला होता, रस्त्यावर चालणारा नव्हता. कोणता आकडा चारचौघांत सांगायचा आणि कोणता दप्तरात ठेवायचा, हे वऱ्हाडात गेली दीडशे वर्षे ठरत आले आहे. हवेचा आकडा त्या जुन्या रीतीप्रमाणेच दप्तरात गेला.

ही रीत पाहायची तर सुरुवात कापसापासून करावी लागते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व आले. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे शाखा आणि कापूस बाजार सुरू करायला स्वतः आला. यात नुसता कापूस हलत नव्हता. पेरा किती, भाव काय, गाठी किती, ही माहितीही हलत होती, कारण ती हजारो मैलांवरच्या गिरणीवाल्यांना हवी होती. बाजारातल्या मापाकडे कायद्याचे लक्ष गेले ते यातूनच. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा कापूस बाजार नियमनाखाली आला. हिंदुस्थानातला हा पहिला नियंत्रित बाजार मानतात. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. अडत्या, दलाल, मापाडी यांना परवाना लागू लागला, तराजू-वजने तपासली जाऊ लागली. १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला. त्याने प्रत्येक प्रेसने किती गाठी बांधल्या याचा साप्ताहिक तक्ता सरकारला द्यायचा आणि सरकारने प्रांताची बेरीज प्रसिद्ध करायची, असे बंधन घातले. म्हणजे आठवड्याच्या आठवड्याला आकडा गोळा करून तो लोकांसमोर ठेवणे सरकारला तेव्हाही जमत होते. तार, टपाल आणि कारकून एवढ्या साधनांवर ते होत होते.

आता त्याच जिनात शिरून पाहू. सरकी वेगळी होताना रुईचे बारीक तंतू आणि बोंडांतली माती हवेत उडते. हंगामात, दिवाळीपासून होळीपर्यंत, बाया-माणसे तोंडाला पदर किंवा फडके बांधून त्या हवेत दहा-दहा, बारा-बारा तास उभी असत. गाठींची मोजणी होत होती, त्या गाठी बांधणाऱ्यांच्या छातीत जाणाऱ्या धुळीची कुणीच करत नव्हते. कारखाना कायद्यांत हवा खेळती ठेवण्याच्या अटी आल्या, पण अट आणि मोजणी यांत फार अंतर असते. मोजल्याशिवाय अट पाळली की मोडली हे सिद्ध होत नाही. धुराविषयीचा एक ठळक कायदा मुंबईत झाला, १९१२ चा. तो गिरण्यांच्या चिमण्यांसाठी होता. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले होते, त्यामुळे मुंबईच्या कायद्याची छाया इथवर आली नाही. शिवाय मुंबईतही डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या धुराचाच विचार होता. न दिसणाऱ्या धुळीला कायद्यात जागा मिळायला आणखी कित्येक दशके लागली.

पावसाचे आणि उन्हाचे तसे झाले नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. तहसिलीत पर्जन्यमापक बसला, कारण शेतसारा, पिकाचा अंदाज आणि दुष्काळी कामे यांचा हिशेब पावसावर चाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले, तेव्हा पावसाचा आकडा हा जगण्या-मरण्याचा आकडा आहे हे राज्यकर्त्यांनाही पटले आणि शेतकऱ्यालाही. १९६९ मध्ये अकोल्यात पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तिथून आज आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामानावर आधारित कृषी सल्ला मराठीत निघतो. फवारणी करावी की थांबावे, कापूस वेचून घ्यावा का, हे त्यात लिहिलेले असते. तो सल्ला तंतोतंत खरा ठरतोच असे नाही. पण तो कुणासाठी आहे याबद्दल काडीचाही गोंधळ नाही. ज्याला निर्णय घ्यायचा त्याच्या भाषेत आणि निर्णयाच्या आधी तो पोचवायचा, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

हवा मोजण्याचे आपल्याकडचे शास्त्र वऱ्हाडच्या उंबरठ्यावरच वाढले, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. नागपूरची ‘नीरी’ ही संस्था १९५८ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले आणि १९७८ पासून तिने देशातल्या १० मोठ्या शहरांची हवा नियमित मोजायला घेतली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे, पण त्याचा जन्म पाण्याच्या कायद्यातून झाला. हवेचा कायदा १९८१ मध्ये आला. केंद्रीय मंडळाने १९८४-८५ मध्ये राष्ट्रीय मोजणीची साखळी सुरू केली ती अवघ्या ७ केंद्रांवर, आग्रा आणि अनपारा इथे. वाढत वाढत ती अमरावती-अकोल्यापर्यंत आली. अमरावतीत राजकमल चौकातली वनिता समाजाची इमारत आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, अकोल्यात एलआरटी कॉमर्स कॉलेज, एमआयडीसीचे वॉटर वर्क्स आणि बाभुळगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही या मोजणीची ठिकाणे. शहराचा मध्य, उद्योगाचा भाग आणि तुलनेने मोकळी जागा अशी ती निवडलेली दिसतात, आणि ही निवड विचारपूर्वक केलेली आहे.

तिथे काम चालते ते असे. गच्चीवर ठेवलेले यंत्र ठरावीक वेगाने हवा ओढते. ती काचतंतूंच्या गाळणीतून जाते, गाळणीवर धूळ बसते. आठ-आठ तासांनी गाळणी बदलतात, चोवीस तासांत तीन. प्रत्येक गाळणीचे वजन आधी आणि नंतर करतात, फरकाला ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागतात, की एका घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम धूळ हे मिळते. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड द्रावणात शोषून घेतात आणि रंगावरून मोजतात. हे सगळे आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ वेळा. गाळणी प्रयोगशाळेत जाते, आकडा तक्त्यात चढतो, तक्ता अहवालात, अहवाल इंग्रजीत आणि पुष्कळ उशिराने. या कामात कसब आहे. गाळणीतला दमटपणा जाऊ देऊन मगच ती तोलणे, विजेचा दाब कमी-जास्त झाला की हवेचा वेग पुन्हा तपासणे, हे ज्यांनी वर्षानुवर्षे उन्हापावसात केले त्या तंत्रज्ञांविषयी मला आदर आहे. माझी तक्रार त्यांनी काढलेला आकडा पुढे कुठे गेला याविषयी आहे.

इथे एक शास्त्रीय आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वार्षिक सरासरी काढायला १०४ दिवस पुरतात, रोज मोजण्याची गरजच काय? बरोबर आहे. नोव्हेंबर २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची वार्षिक मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. शहर त्या मर्यादेत बसते की नाही, हा प्रश्न दोन दिवसांच्या मोजणीने नीट सुटतो. पण दम्याच्या मुलाच्या आईचा प्रश्न वेगळा असतो. आज संध्याकाळी त्याला मैदानावर पाठवू का, असे ती विचारते. वर्षाच्या सरासरीत तिला उत्तर नाही. चोवीस तासांची मर्यादा १०० आहे आणि ती कोणत्या दिवशी ओलांडली हे महिन्यांनी कळून तिला उपयोग नाही. शिवाय या केंद्रांवर बराच काळ मोजले गेले ते १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीलाच. अडीच मायक्रॉनखालचे कण फुप्फुसात सर्वांत खोल जातात, आणि त्यांची मोजणी फार उशिरा सुरू झाली. पहिला प्रश्न नियामकाचा, दुसरा रहिवाशाचा. यंत्रणा पहिल्यासाठी उभारली गेली आणि दुसऱ्यासाठी काही वेगळे उभारावे लागेल हे कुणी ठरवलेच नाही. कायद्याने मात्र ते ठरवलेले होते. १९८१ च्या कायद्याचे १७ वे कलम राज्य मंडळाची कामे सांगते. त्यात हवेच्या प्रदूषणाची माहिती गोळा करणे आणि तिचा प्रसार करणे ही दोन्ही एकाच वाक्यात आहेत. वाक्याचा पहिला अर्धा भाग अमलात आला.

याचा परिणाम काय झाला तो २०१९ मध्ये दिसला. २०११ ते २०१५ या पाच वर्षांच्या आकड्यांवरून मानकांत न बसणारी देशातली १०२ शहरे ठरली होती. त्यांत महाराष्ट्राची १७, आणि त्या १७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर अकोला आणि अमरावती. ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या शहरांचे कृती आराखडे मागितले आणि जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला. अमरावतीकरांना आपले शहर त्या यादीत आहे हे कळले ते दिल्लीहून आलेल्या बातमीने. ज्या मोजणीवरून हे ठरले ती त्यांच्याच राजकमल चौकात झाली होती, पाच वर्षे, आठवड्यातून दोनदा. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. आपल्या दारातला आकडा दिल्लीला वळसा घालून परत येतो, आणि येतो तेव्हा त्यातली सर्वांत जुनी नोंद आठ वर्षांची झालेली असते.

मध्यंतरी देशात एक मोठा बदल झाला होता. एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. आठ प्रदूषकांचे हिशेब एका आकड्यात बसवायचे, त्या आकड्याला एक रंग आणि एक शब्द द्यायचा, अशी ती योजना. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट, अतिवाईट, गंभीर. माझ्या मते भारतातल्या हवा-मोजणीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे, कारण पहिल्यांदाच आकडा बनवताना तो वाचणाऱ्या सामान्य माणसाचा विचार झाला. पण रोजचा निर्देशांक द्यायचा तर सतत मोजणारे स्वयंचलित केंद्र हवे, आणि तशी केंद्रे आधी महानगरांत आली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने उभारलेली ‘सफर’ ही अंदाज देणारी व्यवस्था दिल्ली, पुणे, मुंबई, अहमदाबाद एवढ्यांपुरती राहिली. वऱ्हाडची माणसे टीव्हीवर दिल्लीचा निर्देशांक रोज ऐकत होती आणि स्वतःच्या गावाचा त्यांना मिळत नव्हता. मोबाइलवर अमरावती शोधले की कित्येकदा आंध्र प्रदेशाच्या नव्या राजधानीचा आकडा समोर येई, कारण तिथल्या सचिवालयाजवळचे केंद्र त्याच नावाने नोंदलेले आहे. नंतर अकोल्यात आणि अमरावतीतही स्वयंचलित केंद्रे आली. तांत्रिक अडचण तिथेच संपली असे म्हणता येईल. तरीही आकडा लोकांच्या बोलण्यात आलेला नाही, आणि म्हणूनच यंत्रांचा तुटवडा हे खरे कारण नव्हते असे मी म्हणतो.

‘वऱ्हाड म्हणजे काही दिल्ली नव्हे, इथली हवा अजून बरी आहे’, असे पुष्कळ जाणते लोकही म्हणतात. दिल्लीपेक्षा बरी हे खरे. पण दिल्लीशी तुलना करून कुणाचीच छाती भरत नाही की रिकामी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीसाठी वार्षिक १५ मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली. आपली मर्यादा तिच्या चौपट आहे, आणि त्या चौपट मर्यादेतही ही दोन शहरे बसली नाहीत म्हणूनच यादीत गेली. उलट मध्यम प्रदूषणाच्या शहराला माहितीची गरज जास्त असते. दिल्लीत नोव्हेंबरचा धूर डोळ्यांनीच दिसतो, अकोल्यात आकड्यावाचून काही कळत नाही. उन्हाळ्यात वाऱ्याने उडणारी काळी माती, उखडलेल्या डांबरी कडेची रस्त्यावरची धूळ, हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगत साचणारा चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर, फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी उपटून बांधावर लावलेली आग, अमरावतीत सुकळीच्या कंपोस्ट डेपोवर वर्षानुवर्षे साचलेला कचरा, पारसचे आणि नांदगावपेठचे औष्णिक वीज प्रकल्प: प्रत्येकाचा वाटा आहे आणि प्रत्येकाचा हंगाम निराळा. कोणत्या महिन्यात कशाने आकडा चढला हे दर आठवड्याला लोकांसमोर आले, तर कुठे हात घालायचा ते गावच सांगेल.

दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे, आणि अभिमान खोटा नाही. केंद्राच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांत अमरावती २०२३ मध्ये देशात पहिली आली, २०२४ मध्ये दुसरी, २०२५ मध्ये पुन्हा पहिली. महापालिकेने रस्ते झाडण्याचे, कचरा उचलण्याचे, झाडे लावण्याचे काम केले, त्याची ही दखल आहे. पण या सर्वेक्षणात गुण कशाला मिळतात ते पाहावे. कचरा, रस्त्यावरची धूळ, वाहने आणि उद्योग यांवरच्या उपायांना प्रत्येकी २० टक्के, इतर स्रोतांना १०, बांधकामाच्या राडारोड्याला ५. प्रत्यक्ष हवेतली धूळ किती घटली याला अडीच टक्के आणि लोकजागृतीला अडीच टक्के. म्हणजे ही परीक्षा मुख्यतः केलेल्या कामाची आहे. ती असावी, कारण काम आज केले तरी हवा सुधारायला काळ जातो. मात्र पहिला क्रमांक म्हणजे हवा स्वच्छ झाल्याचा दाखला, असा अर्थ लोकांनी घेतला तर चूक त्यांची नाही. रोजचा आकडा त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून क्रमांकालाच ते आकडा समजतात. आणि सांगण्याच्या कामाला शंभरात अडीच गुण, यातही ती जुनी रीत शिल्लक आहे.

तिसरा आक्षेप असा, की सांगून लोक करणार काय, उगाच घबराट होईल. तापमानाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. ४५ अंशांचा आकडा ऐकून अकोल्यात कुणी घाबरून पळत नाही, दुपारची कामे सकाळवर नेतात. आकडा जाहीर झाल्याने कारखान्यांवरही नजर राहते. ५ जून २०१७ रोजी महाराष्ट्राच्या मंडळाने उद्योगांच्या चिमण्यांतून निघणाऱ्या धुळीवरून त्यांना एक ते पाच तारे द्यायला आणि ते जाहीर करायला सुरुवात केली. जी मोजमापे आधी फायलीत होती तीच या योजनेने बाहेर आणली. म्हणजे सांगण्याची ताकद काय असते हे मंडळाला ठाऊक आहे. ‘माहिती तर संकेतस्थळावर आहेच’ या उत्तराला २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानेच प्रत्युत्तर दिले आहे. त्याच्या चौथ्या कलमात माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे साधन विचारात घ्यावे असे लिहिले आहे. इंग्रजी तक्ता या कसोटीला उतरत नाही.

उरतो तो आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. एका केंद्राचा आकडा साऱ्या शहराचा कसा मानावा? तापमान गावभर साधारण सारखे असते, धूळ गल्लीगणिक बदलते. राजकमल चौकातला आकडा आणि अमरावती विद्यापीठाच्या टेकडीवरचा आकडा एक नसणार, आणि एमआयडीसीतला अकोल्याच्या जुन्या शहराला लागू पडणार नाही. यावर आकडा दडवणे हा उपाय होत नाही. ठिकाणासह, वेळेसह, मर्यादेसह तो सांगावा. १८९७ च्या कायद्यानंतर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला तराजू कुणाचा आणि परवाना कुणाचा हे विचारता येऊ लागले. तसेच हवेच्या आकड्याबाबतही यंत्र कुठे आहे, काल बंद होते का, जुन्या गाळणीच्या पद्धतीचा आणि नव्या यंत्राचा आकडा जुळतो का, हे विचारता आले पाहिजे. त्यासाठी लागणारी साखळी अकोल्यात तयार आहे. कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तिथून वर्तमानपत्रांत आणि गावोगावच्या मोबाइलवर जातो. त्यात पावसाच्या आणि वाऱ्याच्या ओळींखाली अकोला आणि अमरावतीच्या धुळीची एक ओळ जोडायची, ‘या आठवड्यात वारा पडलेला आहे, पऱ्हाटी पेटवू नका’ एवढे मराठीत लिहायचे, तर मंडळ, विद्यापीठ आणि दोन महापालिका यांनी एकत्र बसून ते ठरवावे लागेल. ते ठरवायला १९८१ च्या कायद्याने त्यांना आधीच सांगितले आहे.